'कचरा' हाच शब्द राहील

हॅलो?… हां, बोला संपादकीणबाई… नाही गं, भांडी घासतेय, हात ओले आहेत. बोल तू… प्रयोगशाळेच्या पन्नाशीची पुस्तिका? हो, पाहिलं माझ्या लेखाचं प्रूफ. अगं, म्हणूनच सकाळपासून डोकं फिरलंय. 'कचरा' शब्द कुणी काढला?… कुणाच्या सांगण्यावरून?… सरांच्या. वाटलंच मला.

त्याच्या जागी 'सहघटक' कसला डोंबलाचा?… नाही, ऐक ना. 'प्रयोगशाळेला सुरुवातीपासून दुसऱ्या प्रथिनाची शंका होती'? कुणाला होती? मला होती. सर तर…

अगं, तू नंतर आलीस, तुला काय माहीत. पेशीवरचा रिसेप्टर म्हणजे दारावरची बेल, एवढं धर… हां. बाहेरून संदेश आला की बेल वाजते, आत कामं सुरू. पण ती थांबायलाही हवी ना? थांबवणारं एन्झाइम सरांनी शोधलं, कबूल. पण ते जितकं शुद्ध करावं तितकं कुचकामी व्हायचं… हो, उलटंच. बेल आपली वाजतेय, वाजतेय. मग मी शुद्ध करताना बाजूला काढलेला कचरा परत त्यात घातला… आणि काय, बेल गप्प. खरं गप्प करणारं प्रथिन त्या कचऱ्यात होतं.

सर सगळ्यांसमोर म्हणाले, कचरा फेकायचा असतो बाई, जपायचा नसतो. तेव्हापासून मी 'कचरावाली'… तूसुद्धा म्हणायचीस. हसतेस काय? फार लागायचं मला.

नाही, मवाळ करणार नाही… त्यांचं वय झालं? आणि मी काय कॉलेजात जाते?… तुझा आवाज घुमतोय का गं असा?… स्पीकरवर आहे? शेजारी कोण आहे?

बरं झालं. नमस्कार सर… हो… हो, ऐकतेय… मान आहेच सर, काम तुम्हीच शिकवलंत. पण तो कचरा तुम्ही फेकायला सांगितला होतात, तेवढं छापून येऊ द्या… नाही सर, गप्प बस म्हणू नका. गप्प बसवणारं प्रथिन मीच शोधलंय, ते माझ्यावर चालायचं नाही… लेखच काढताय? काढा. समारंभात माईक माझ्या हातात येणारच आहे, तेव्हा मी…

हॅलो?… सर?… कापला वाटतं.

थांबा, हात पुसते नि परत लावते.

हॅलो, सर?… मीच, कचरावाली. वाक्य अर्धं राहिलं होतं.