कमरेचा चुगलखोर

"हॅलो?… कोण?… अगं, तू होय. हळू बोल, हळू. तुझे काका झोपलेत आत."

मावशीने फोन कान आणि खांदा यांच्यात दाबला आणि चहाखालचा गॅस बारीक केला. गॅसच्या आवाजाने माणसाची झोप मोडते, अशी शंका आजवर कुणाला आली नव्हती. मावशीला आली होती. ती ज्या लाँड्रीत काउंटरवर बसायची, तिथलं इस्त्रीचं मशीन बंद पडलं म्हणून ती आज भरदुपारी घरी परतली होती, आणि आल्यापासून चपला हातात धरून स्वतःच्याच घरात चोरासारखी वावरत होती. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्या दारासमोरून जाताना तर ती श्वाससुद्धा घेत नव्हती.

"नाही गं, दुकान नाही, मशीन बंद पडलं… हो, आजच्यापुरती सुट्टी… नाही, त्यांना पत्ताच नाही मी आल्याचा. कशाला उठवू?… पट्टा? आहे की कमरेला. आंघोळीपुरता काढतात… अगं, शपथ."

पलीकडे होती तिची सख्खी भाची. दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. पाठदुखीची माणसं दिवसभरात किती हलतात, किती वाकतात आणि किती नुसती लोळतात, हे मोजायचा तिच्या दवाखान्यात अभ्यास चालला होता. भाचीने आपल्या काकांनाही त्यात ओढलं आणि काडेपेटीएवढं एक यंत्र पट्ट्याने त्यांच्या कमरेला बांधून दिलं. यंत्राला तोंड नव्हतं, पण चुगली करायला तोंड लागतंच असं नाही. इकडे काकांनी कूस बदलली की तिकडे भाचीच्या टेबलावरच्या पडद्यावर बातमी पोचलेली असायची.

काका फरशी बसवणारे. त्यांनी बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवली, तर कुठल्या बाजूला घरंगळावं या विचारात ती जागच्या जागी म्हातारी होते, असं त्यांचे सोबती सांगत. भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी दोरीला जे वजन टांगतात, त्या ओळंब्याचंच नाव सगळ्यांनी त्यांना देऊन टाकलं होतं. पण गेल्या वर्षी एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर फरशी बसवताना ओळंब्याच्या पाठीत अशी उसण भरली, की ते ओणवे होते तसेच्या तसे अडकले. ना वर, ना खाली. चौघांनी त्यांना त्याच आकारात उचलून लिफ्टमध्ये ठेवलं. मधल्या मजल्यावर एक पाहुणा आत आला आणि टेबल समजून त्याने काकांच्या पाठीवर आपली बॅग ठेवली. बॅगेची गोष्ट खरी की खोटी, हे काकांना विचारलं तर ते विषय बदलत. त्या दिवसापासून ते कुणाच्या देखत वाकले नव्हते. बुटाच्या नाड्या मावशी बांधायची, खाली पडलेला चष्मा मावशी उचलायची, आणि दर वेळी न चुकता म्हणायची, "जपून हं."

"काय?… उद्या?… उद्या सकाळीच ठरवणार?… म्हणजे कापायचंच म्हणतायत का मोठे डॉक्टर?"

मावशीचा चहा ढवळणारा हात थांबला. भाची भराभरा सांगत होती आणि मावशी हं, हं करत होती. मोठ्या डॉक्टरांपुढे काकांचे जुने फोटो होते, मणक्यांचे, आणि ते काही देखणे नव्हते. शिवाय वर्षभर माणूस वाकलेला नाही, हे त्यांनी मावशीच्याच तोंडून ऐकलं होतं. आता त्यांचा हात थांबवेल असं एकच होतं, ते म्हणजे पट्ट्याची नोंद. पाठ अजून वाकतेय असं पट्ट्याने दाखवलं, तर सुरी बाजूला राहील आणि व्यायामावर भागेल. पण नोंद बघून भाचीच चक्रावली होती.

"विचित्र म्हणजे?… सकाळी ताठ, बरोबर… संध्याकाळी ताठ, तेही बरोबर. अगं, कपाट आहे ते, माणूस थोडाच आहे… मग?… दुपारी? दुपारी काय?… होडी?"

मावशीने फोन या कानावरून त्या कानावर घेतला. या कानावरही होडीच ऐकू आली. काकांच्या दुपारच्या हालचाली भाचीने कॉम्प्युटरला ओळखायला दिल्या होत्या. त्यात चालणं नव्हतं, पाऊल म्हणून पडत नव्हतं. पण कमर खाली जात होती, पुढे जात होती, मागे येत होती, वळत होती, पुन्हा खाली. कॉम्प्युटरने पुष्कळ विचार केला आणि सांगितलं, पेशंट रोज दुपारी होडी वल्हवतो.

"अगं, आमच्याकडे बादली आहे. होडी कुठली?… हसू नकोस. मला रडू यायला लागलंय इकडे आणि… हं… हं. दुसरं कुणी? दुसरं कोण घालणार तो?"

हाच तर भाचीचा खरा प्रश्न होता. पट्टा दुसऱ्या कुणी घातला असेल, तर सगळी नोंद केराच्या टोपलीत, आणि मोठे डॉक्टर उद्या सुरीलाच हात घालणार. मावशीने तिथल्या तिथे घरातल्या सगळ्यांची झडती घेतली. सगळे म्हणजे ती, काका आणि धुण्याचं मशीन. मशीनवर पट्टा कधी ठेवलेला नव्हता. राहिली ती.

"एकदा… अगं, ऐक तर. एकदाच बांधून बघितला होता मी. आरशासमोर… ते आंघोळीला गेले होते तेव्हा… नाही गं, वाकते कशाला? पोट आत घेऊन उभी होते नुसती. त्याने काय होडी चालते?… नाही ना? मग झालं… काय म्हणालीस?… आत्ता?"

मावशीने आधी गॅस बंद केला.

"आत्ता, या क्षणी चाललीय होडी?… अगं, पण ते झोपलेत… तुझ्या पडद्याला काही कळत नसेल… थांब. थांब, मी बघते. ठेवू नकोस."

तिने आतल्या खोलीचं दार इतकं हळू ढकललं, की दारालाही ते कळलं नसावं. पलंगावरची चादर सपाट होती. अशी ताणून बसवलेली, की त्यावरही गोटी म्हातारी झाली असती. काका नव्हते.

"नाहीत गं… पलंगावर नाहीत… न्हाणीघरातही नाहीत. बूट इथेच आहेत. बूट न घालता माणूस जाणार कुठे?… घाबरू नको काय, तुला तिथे बसून बोलायला काय जातंय?… शू. थांब. गप्प बस जरा."

टक. टक टक. आल्यापासून हा आवाज तिच्या कानावर पडत होता, आणि शेजारच्यांना दुपारीच खिळे ठोकायचे सुचतात म्हणून तिने मनातल्या मनात त्यांचा उद्धारही केला होता. आवाज शेजारचा नव्हता. मागच्या खोलीतला होता, जिथे काकांची हत्यारं आणि उरल्यासुरल्या फरश्या एका कोपऱ्यात पडून होत्या. मावशी भिंतीला धरून बोळातून पुढे सरकली. मागच्या खोलीच्या दाराला वरच्या बाजूला काच होती. चवड्यांवर उभी राहून तिने आत पाहिलं.

"…आहे. आहे गं, ऐकतेय… दिसतायत मला… जमिनीवर आहेत."

मग ती कुजबुजत सांगू लागली आणि थांबेचना. गुडघ्यांखाली घडी घातलेलं पोतं. हातात रबरी हातोडी. समोर फरश्यांच्या ओळी. सिमेंट नाही, काही नाही, नुसत्या कोरड्या मांडलेल्या, आधी नक्षी बसते का बघायला मांडतात तशा. काका एक फरशी उचलत होते, पुढे झुकून बसवत होते, ठोकत होते, मागे सरकत होते, पुढची घेत होते. रोज मांडत असले पाहिजेत, आणि ती लाँड्रीतून यायच्या आत रोज उचलून जागच्या जागी रचत असले पाहिजेत. एक पाऊल म्हणून टाकत नव्हते. सगळं गुडघ्यांवर.

"तू त्यांना काय सांगितलं होतंस पट्टा बांधताना?… आठव, आठव. हे यंत्र काय मोजतं, असं त्यांनी विचारलं होतं ना?… 'पावलं वगैरे'? बघ. त्यांनी पावलं घेतली आणि वगैरे सोडून दिलं. चालायचं नाही, मग यंत्राला कळणार कसं, असा हिशोब आहे हा. अगं, फरशीवाला कामावर चालतोच कुठे?"

भाची तिकडे हसत होती की रडत होती, ते मावशीला नीट कळलं नाही. तिचं स्वतःचंही तिला कळत नव्हतं. एक मात्र लख्ख कळलं. हॉटेलात अडकले तेव्हापासून काकांना भीती पाठीची कमी आणि बघणाऱ्यांची जास्त होती. म्हणून हे बंद दाराआड चाललं होतं. पुन्हा अडकलो तर निदान एकट्याने अडकू.

आत काकांनी एका हाताने वजन पेलत दुसरा हात लांबच्या कोपऱ्यापर्यंत नेला, आणि मावशीचं तोंड आपोआप उघडलं. पण भाची अजून फोनवर होती आणि मावशीला लहानपणापासून ओळखत होती.

"नाही, नाही, बोलले नाही… अगं, तोंडात आला होता, बाहेर नाही पडला… 'जपून' म्हणायचं नाही? मुळीच?… पाठ कशी आहे, तेही नाही?… म्हणजे वर्षभर मी जे काळजीने… हो. हो… कळलं. माझ्या काळजीनेच जखडले, असंच म्हणायचंय ना तुला?… बरं बाई. भेटलीस की बघते तुझ्याकडे. आधी हे सांग, उद्या कापणार नाहीत ना?… तुझ्या पडद्यावर दिसतंय आणि इथे मी डोळ्यांनी बघतेय, एवढ्यावर भागेल?… छातीठोक सांग… हं. हं… असू दे, तेवढं पुरे. ही पाठ बघून सुरी उचलायची हिंमत…"

मावशीने सुटकेचा सुस्कारा टाकताना अंग दारावर टाकलं. दार नुसतं लोटलेलं होतं. ते सताड उघडलं आणि ती फोनसकट खोलीत येऊन उभी राहिली.

काका ओणव्यानेच थिजले. हातोडी हवेतच राहिली. चेहऱ्यावर हॉटेलचा तो सगळा मजला उतरला, ते चौघे, ती लिफ्ट, बहुधा ती बॅगही. पाठ लाकडासारखी ताठ झाली. आता एक शब्द चुकीचा पडला असता, तर तो माणूस पुन्हा वर्षभर वाकला नसता, आणि उद्या मोठ्या डॉक्टरांपुढे पट्ट्याचं कुणी ऐकलं नसतं.

"…थांब गं एक मिनिट."

मावशीने काकांकडे पाहिलंच नाही. फरशीकडे पाहिलं. सबंध संसार तिने या माणसाच्या तोंडून सांधे, ओळी आणि कोपरे ऐकले होते. तिने बोट दाखवलं.

"अहो, ती कोपऱ्यातली वर आलीय."

काकांच्या आयुष्यात असं कुणी बोललं नव्हतं. मालक नाही, ठेकेदार नाही, साहेब नाही. त्यांचे कान लाल झाले, मान वळली, आणि पाठीबिठीचा विचार न करता त्यांनी गाल थेट जमिनीला टेकवून, एक डोळा मिटून फरश्यांवरून नजर लावली.

"हॅलो… आहेस ना?… दिसलं? बुडाली ना होडी? गाल टेकलाय जमिनीला… नाही गं, ठीक आहेत, भांडतायत… उजेडामुळे तशी दिसते म्हणे. मी म्हटलं, उजेड काय त्या एकीवरच पडतो?… काय हो?… काय? नजर तपासून घेऊ? मी?… ऐकलंस ना कसे बोलतात? वर्षभराने बोलतायत असे… हो, हो, आले. पातळी बघायच्या दोरीचं टोक धरायला बोलावतायत. माझं खोटं ठरवून दाखवणार आहेत आता… वर आलीच आहे गं थोडी. खरंच… नाही, दोन्ही हात लागतात दोरीला, आणि मला खाली बसायचंय… उद्या डॉक्टरांना? तुला जे सांगायचं ते सांग. माझ्याकडून एवढंच सांग, पेशंटला उसंत नाही, काम चालू आहे… आले हो, आले… ठेवते गं."