कोंड्याचा मांडा

— नाय नाय, थांब बाय, तुझ्या कागदातलं ते परत वाच. तांदळातली ताकद कशात म्हणालीस? दाण्यावरच्या तांबड्या कोंड्यात? अगं, चामटोलीच्या बाईला तू तांदूळ शिकवतेस होय! जन्म गेला माझा उखळाशी. बस, पाणी पी आधी — अंबरनाथहून उन्हातून आलीस, कॉलेजातली पोर तू.

त्या कोंड्यावरूनच तर मी बोलणी खाल्ली. आमच्या अनंताच्या लग्नात विहीणबाई — बनूबाई — चार बायकांत म्हणाल्या, "आमची सरू अंबरनाथच्या बाजारात वाढलीय हो, कोंड्याचा मांडा करून खायची तिला सवय नाय." हसल्या सगळ्या. मी पण हसले — पण लागलं. तिथंच ठरवलं, या पोरीच्या ताटात तांबडा दाणा पडणार नाय. तिला दिवस गेले तसं मुसळ माळ्यावर टाकलं नि भाताचं पोतं डोक्यावर घेऊन निघाले बदलापूरच्या गिरणीत. डबल पालीश मार म्हणायचे, डबल! गिरणीवाला म्हणायचा, "मोतीबाई, तांदूळ पाडू का मोती?" मोतीच पाडायचा गं. आम्ही आपली नाचणीची भाकर नि तांबडी पेज. सरूला तो भात — तोही सात पाण्यांनी धुऊन, वरची पेज ओतून टाकून, बाळंतिणीला जड नको म्हणून. डाळ वातूळ, भाजी वातूळ, ती बंद. भात, तूप, मीठ. राणीसारखी ठेवली तिला, विचार गावात कुणालाही!

कोंडा? कोंडा मी आणायचे ना पोतं भरून. टाकते कशाला? कोंबड्यांना घालायचे.

पायाला मुंग्या येतात म्हणायची सरू. मी म्हटलं, येतात बाळंतपणात. पाय सुजले, तर म्हटलं, अंग धरलंय पोरीनं. आणि नात — तीन महिन्यांची होती — ती कधी रडायची नाय. म्हणजे रडायची, तोंड उघडायची, ओठ वाकडे करायची... आवाज नाय. मी शेजारच्या काशीला कौतुकानं सांगितलं, आमची नात गुणाची, आईला झोपू देते. कौतुकानं सांगितलं बघ मी. त्याच्या चौथ्या दिवशी निळी पडली, नि गेली.

तुझ्या कागदात आहे का हे? आईच्या दुधात ताकद नसली की बाळाचा आवाज जातो म्हणून? — नको, वाचू नको. मान हलवलीस, कळलं.

सरूला यातलं अक्षर सांगू नको. ती समजते दृष्ट लागली — समजू दे. पाचवा महिना चाललाय तिला परत. आणि कालही मी तोच भात शिजवला, पांढराशुभ्र. वाढताना म्हटलंसुद्धा, घे पोरी, पोटभर घे... ती विहिरीवर गेलीय, येईल एवढ्यात. तिच्यासाठी ताकदीच्या गोळ्या आणल्यास ना, त्या ठेव इथं. शेवग्याचा पाला परसात आहे, तो घालीन. मुसळ आजच खाली काढते. विचारलं तर सांगेन, गिरणी बंद पडलीय. बनूबाई हसू देत.

ऊठ तू आता. आणि जाताना अंगणातल्या कोंबड्या बघ जरा — कशा तकतकीत झाल्यात. सगळ्या जगल्या गं. एक नाय गेली.

जा बाय. सरू आली.