लसूण समुद्रात गेल्यावर

सन्माननीय अध्यक्षमहाराज, बंदर मंडळाचे सभापती, व्यासपीठावर विराजमान झालेले मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती आणि माझे एकेकाळचे कॅप्टनसाहेब, आणि समोर जमलेल्या माता-भगिनींनो, बंधूंनो,

पाणबुडीतल्या गमतीजमती सांगा, जड काही नको, असं संयोजकांनी मला बजावलं आहे. मी पाणबुडीवर बॅटऱ्या सांभाळायचो, भाषणं नव्हे, तेव्हा सांभाळून घ्या. साहेब आज प्रशिक्षण शाळेतून निवृत्त होत आहेत, आणि युद्धातली आमची ती गुप्त मोहीमही सरकारनं नुकतीच खुली केली. असा दुग्धशर्करा योग रोज येत नाही.

मघाशी अध्यक्षांनी आमच्या आचाऱ्याच्या लसणाचा किस्सा सांगितला आणि सभागृह पोट धरून हसलं. शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसलेल्या एक बाई हसल्या नाहीत. त्या आचाऱ्याच्या पत्नी, आमच्या वहिनी. त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे. मागे माणसं भिंतीला टेकून उभी आहेत, तरी ती रिकामीच आहे. त्या मोहिमेत आमचे पाच सोबती गेले आणि सहावा आचारी. साहेबांनी अहवालात लिहिलं, आचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे अन्नातून विषबाधा. त्या पाच जणांची घरं याच बंदरात आहेत. तेव्हापासून वहिनींच्या घरचा चहासुद्धा कुणी घेत नाही.

अध्यक्षांना किस्सा अर्धाच ठाऊक आहे. उरलेला मी सांगतो.

निघताना पुढच्या भागात टॉर्पेडोंच्या जागी पिंपं चढवली होती. त्यांच्यावर फळ्या टाकल्या आणि फळ्यांवर सोबत्यांचे बिछाने. पिंपांत काय आहे, असं कुणीतरी विचारलं. यंत्राचं तेल, साहेब म्हणाले. साहेब म्हणाले म्हणजे तेल.

आता पाणबुडीत ना अंघोळ, ना खिडकी. डिझेल, घाम, संडास, बुरशी धरलेला पाव, सगळे वास एकाच नळकांड्यात. आमची तिथे एक रीत होती. नवा वास आला की दोषी आचारी. सगळ्यांनी त्याच्या नावानं ओरडायचं आणि त्यानं पळीनं पातेलं वाजवून गुन्हा कबूल करायचा. बिचारा दर वेळी वाजवायचा, वर वाकून नमस्कारही करायचा. एक दिवस पुढच्या भागात लसणाचा वास सुटला. आम्ही ओरडलो, त्यानं पातेलं वाजवलं, सगळे खो खो हसले. जमिनीवरच्या कुठल्याही माणसानं आधी पिंपांकडे पाहिलं असतं. आमची नाकं कधीच मेली होती, म्हणून आम्ही स्वयंपाकघराकडे पाहिलं.

साहेब मात्र हसले नाहीत. पाणबुडी वर आल्यावर त्यांनी लसणाच्या सगळ्या माळा समुद्रात फेकायला लावल्या. पुन्हा बुडी मारली, पुन्हा तोच वास, आता डोळ्यांत पाणी आणणारा. पुन्हा ओरडा झाला, पण या वेळी आचाऱ्यानं पातेलं वाजवलं नाही. तो साहेबांपुढे जाऊन उभा राहिला.

"लसूण तर समुद्रात गेला, साहेब. मग हा वास कुणाचा?"

साहेब म्हणाले, पुढे काहीतरी गळतंय, पसारा तुझाच असणार, तूच पूस. मग ते मागच्या भागात निघून गेले आणि मधलं दार लावून घेतलं. आचाऱ्यानं स्वयंपाकघरातली फडकी घेतली आणि फळ्यांखालचं ते तेलकट सगळं उघड्या हातांनी पुसलं. साहेबांच्या कपाटात रबरी मुखवटे होते, एक त्यांचा, एक दुय्यम अधिकाऱ्याचा. तारा तपासताना मी ते पाहिले होते. मला वाटलं, आगीसाठी असतील.

दुसऱ्या दिवशी त्याचे हात कोपरापर्यंत फोडांनी भरले. मग डोळे सुजून मिटले, मग श्वास अडकायला लागला. पुढे झोपणारे पाचही जण एकामागून एक तसेच गेले. मी त्याच्या उशाशी होतो. तो सारखा एकच विचारत होता.

"जेवणात माझं काही चुकलं का रे?"

मी नाही म्हणालो. त्याला ते पटलं नाही.

गेल्या महिन्यात साहेबांची मुलाखत छापून आली. पिंपांत विषारी वायूचं द्रव्य होतं, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, तरी मी आदेश पाळला, असं त्यांनी छाती फुगवून सांगितलं आहे. ते वाचून मला ओकारी आली. अलंकारिक बोलत नाही, मोरीत जाऊन ओकलो. इथे मानपत्रात त्यालाच धैर्य म्हटलं आहे. आणि ती पिंपं? पोचेपर्यंत युद्ध संपत आलं होतं. कुणालाच नको होती, म्हणून समुद्रात लोटून दिली.

गुपित राखायचं होतं, हे मला समजतं. पण मग अहवालात कारण अज्ञात असं लिहायला काय हरकत होती? गुपितही राहिलं असतं आणि वहिनींची अब्रूही. मेलेल्या माणसाच्या डोक्यावर आपलं पाप ठेवून वर सत्कार घ्यायचा, याची मला किळस येते. या हारांचीसुद्धा येते.

साहेब, तुमचं मानपत्र माझ्या हातून द्यायचं ठरलं आहे. त्याआधी एवढंच सांगा, जेवण चांगलं होतं की नाही?

साहेब म्हणताहेत, ही जागा नव्हे. खरं आहे, जागा पाणबुडीत होती.

मग मीच सांगतो. जेवण चांगलं होतं. एकाच पातेल्यातलं आम्ही सगळे जेवलो, साहेबही जेवले. मेले ते पिंपांवर झोपणारे, आणि पिंपं पुसणारा. मी मागे बॅटऱ्यांपाशी झोपायचो, म्हणून तुमच्यापुढे उभा आहे.

संयोजकांनी बोलायला संधी दिली, आपण शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभार. समारंभाला न शोभणारं काही तोंडून गेलं असेल, तर सभेनं उदार मनानं पोटात घालावं. साहेबांची माफी मी मागत नाही. मानपत्र या टेबलावर ठेवतो, कुणाला द्यायचं असेल त्यानं द्यावं.

मावशी, तुम्ही का उठलात? फार घोरायचा म्हणून ज्याला आम्ही घोऱ्या म्हणायचो, त्याच्या या आई, पिंपांवर झोपणाऱ्यांतला तो एक. बाहेर निघालात का? नाही, दार सोडून त्या शेवटच्या रांगेत शिरताहेत. जरा पाय आत घ्या, मंडळी, त्यांना वाट द्या. वहिनींच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे.