आईचं पहिलं विमान

विमानाच्या पॉइंटांचं नाव काढलंत, तर बाबांचं सांगतो. सिंदी रेल्वे नावाच्या आमच्या गावी त्यांचा कापसाचा व्यापार. गाठींच्या सौद्यासाठी नागपूरहून विमानाने कोइमतूरला जायचे आणि फुकट तिकिटासाठी दर फेरीचे पॉइंट जमवायचे. आई म्हणायची, "मले कधी नेता?"

"जमू दे अजून. मंग दूर जाऊ."

असं करता करता बाबांनी धंदाही सोडला. मग ती विमान कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. मी त्यांचं खातं नव्या कंपनीला जोडायला बसलो, तर कळलं की जुने पॉइंट महिन्याभरात वापरले नाहीत तर बाद होणार. बाबांचा चेहराच पडला.

आई म्हणाली, "मंग काऊन थांबून राह्यले? काढा तिकिटं!"

आम्ही तिघं कोचीला निघालो. विमान ढगांच्या वर आलं, तशी आई खिडकीला चिकटली. मग बाबांकडे वळली.

"इतके वर्षं तुमी हे एकटेच पाहून राह्यलते?"

बाबा ओशाळले. "नाई वं. मी त दरवेळी झोपून जात होतो."

आईने त्यांचा हात धरून त्यांना खिडकीकडे ओढलं. "मंग आता पाहा."