काठोकाठ टाकी

(पेट्रोल पंपाच्या कडेला, हवा भरायच्या यंत्राशेजारी बंद पडलेली गाडी. बाप-लेक कठड्यावर बसलेले.)

मुलगी : पाहिलंत ना? टाकी भरली, किल्ली फिरवली, दोन हिसके आणि बंद.

बाबा : दम खाऊ दे तिला जरा. होते की नंतर सुरू.

मुलगी : होते, पण तोवर माझा जीव टांगणीला! तिकडे महिनाभर शहाण्यासारखी वागते. इथे तुम्ही पेट्रोल भरून दिलंत की हिचं नाटक सुरू.

बाबा : इथेच घेतलेली गाडी. माहेरातून पाय निघत नसेल.

मुलगी : हसू नका. विकतेय मी तिला. शनिवारी गिऱ्हाईक येतंय.

बाबा : विकतेयस? मग इकडे कशी येणार?

मुलगी : बसनं.

बाबा : दोन बस बदलून, फाट्यावरून चालत? वर्षातून एकदा येशील, तेही घड्याळाकडे बघत.

मुलगी : मग काय करू? हिचा भरवसाच राहिला नाही. एकटी असते मी गाडीत.

बाबा : गाडीत काही खोट नाही गं.

मुलगी : तुम्हाला काय माहीत?

बाबा : नळीचा खटका पडला की टाकी भरली. त्यावर आणखी ओतलं तर पेट्रोल वाफेच्या वाटेत शिरतं आणि इंजिनाचा घसा कोंडतो. थोड्या वेळानं मोकळा होतो.

मुलगी : पण तुम्हीच तर पंपवाल्याला सांगता, 'अजून थोडं, काठोकाठ करा' म्हणून.

बाबा : सांगतो खरा.

मुलगी : हे कधी कळलं तुम्हाला?

बाबा : पहिल्यांदा बंद पडली तेव्हाच मेस्त्रीला विचारलं. फार बोलला मला.

मुलगी : आणि तरीही? बाबा, मी बॅटरी बदलली. प्लग बदलले.

बाबा : प्लग तसेही जुने झाले होते.

मुलगी : विषय बदलू नका. का पण?

बाबा : घरातून तू निघतेस ती वादळासारखी. आई डबे भरत असते, तू फोनवर, मी बॅग उचलतो. 'कसं चाललंय' विचारलं तर 'बरंय'. इथे गाडी बंद पडली की मात्र बसतेस माझ्याजवळ. तुझी बढती हुकल्याचं मला या कठड्यावर कळलं.

मुलगी : मग थांब म्हणायचं ना सरळ.

बाबा : तेवढं जमलं नाही बघ. चुकलंच माझं. पण गाडी विकू नकोस, बाळ.

मुलगी : उठा. बघू या सुरू होते का.

बाबा : ॲक्सिलरेटर दाबून किल्ली फिरव. हां, झाली. निघ आता, उजेड आहे तोवर पोचशील. मी जातो चालत, नेहमीसारखा.

मुलगी : बसा आत. घरी सोडते तुम्हाला, लांबच्या रस्त्यानं.