एकतीस कप

नाई नाई, त्या खुर्चीवर नका बसू पास्टर साहेब, तिचा एक पाय हलते — तुमच्यासाठी दुसरी धुऊन ठेवली हाय, पण ते वाळाची हाय अजून, काऊन का उपासना दहाले, आणि तुमी आठलेच येऊन उभे! बरं, बसा या बाकावर. एकटेच आले? चामोर्शीवरून, त्या जंगलातल्या रस्त्यानं, गाडीवर? बाप्पा, मागच्या आठवड्यात तिथीच वाघानं बैल नेला. एक फोन केला असता तं दोन माणसं पाठवले असते मी, ते बी यादीत लिहून हाय. ते पाहा, दाराच्या मागं चिकटवली हाय यादी — चादरी, बल्ब, बल्ब गेला तं दुसरा बल्ब, लाईन गेली तं कंदील, कंदिलाची काच फुटली तं दुसरी काच. रुखमा, म्हंजे मायी बायको, ते म्हणते, या माणसाच्या मयतीले बी हाच उठून खुर्च्या लावन. म्हणू द्या तिले.

आज संदेश कायवर देणार तुमी? — तयारीवर? प्रभू येईन तवा तयार राहा, आणि रोजच्या जगण्यात बी तयार राहा — वा! मंग उदाहरण दूर कायले शोधता जी, इथीच उभं हाय. देवाजी म्हणून लिहून घ्या. बाप्तिस्मा घेऊन बावीस वर्सं झाले, एका रविवारी उशीर नाई. मृगाच्या आधी छपराचे कवेलू फेरून तयार, धानाचं बियाणं निवडून तयार, पाहुणा दारात याच्या आधी चहा तयार — चहा बी थंडा होऊन जाते कधी कधी, ते सोडा. गावातले लोक हासते मले. पण रातच्याले लाईन गेली का काडीपेटी मागाले मायाच दारी येते.

हे चुलीवर? हा प्रभुभोजनाचा रस. द्राक्षं कुठी भेटते इथी — काळ्या मनुका उकळतो, फडक्यानं गाळतो, थंडा करतो. सकाळीच करतो, ताजा. पयले नव्हतो करत सकाळी. पयले — जाऊ द्या. नाई, सांगतो, हासाची गोष्ट हाय. दोन वर्सांमागं मे महिन्यात पास्टर येणार होते, तुमच्या आधीचे. मी रस केला वीस दिवस आधी. वीस दिवस! दोन बाटल्या भरल्या, झाकणं घट्ट लावले, कोपऱ्यात ठेवल्या, फ्रीज तं नाई आपल्या इथी. आणि आपल्याकडचा मे महिना, तुमाले सांगाची गरज हाय का? आठ दिवसांनी पाह्यतो तं बाटल्या फुगल्या. रुखमा म्हणे, हे काय हो? मी म्हटलं, आशीर्वाद हाय, बाटलीत मावून नाई राह्यला. हासा, हासा! रविवारी झाकण खोललं, तं फस्स करून फेस वर. तरी या शहाण्याले समजलं नाई.

वाटला ना मी! हे अंगठ्याएवढाले कप हाय ना, याच्यातच. सुकलूबाबानं घेतला, ओठ चाटले, म्हणे देवाजी, आज लय गोड काम केलं गा तुनं. एक बाई तं दुसऱ्यांदा हात पुढं करून राह्यली. तुमी विचार करा — आमचे अर्धे लोक मव्ह्याची दारू सोडून इथी आले, आणि मी त्याईले देवाच्या घरात बसवून, डोकं झाकून, प्रार्थना करून — अरे देवा! असा तयारीवाला माणूस तुमाले जिल्ह्यात भेटणार नाई.

काय म्हणता? कप? — हो, एकतीस हाय. मंडळी? मंडळी एकतीसच. तसे कप घेते एकोणतीस. आता एकोणतीस घेते तं — तुमी बी ना साहेब, आल्या आल्या मोजून राह्यले! असू दे दोन जास्तीचे. पडते, सांडते. तयारी असावी माणसाची.

इसरूचा हाय एक. इसरू माया लहाना भाऊ. हे कुंपण दिसते ना, त्याच्या पल्याड त्याचंच घर, तो पाहा अंगणात टोपली विणून राह्यला. तो येत नाई. काऊन म्हंजे — त्या दिवशीपासून येत नाई. अकरा वर्सं झालते त्याले मव्हा सोडून, तवा. कसा सोडला ते मी पाह्यलं, रात्रंदिवस थरथर कापे, मीच धरून बसलो होतो त्याले. त्या रविवारी त्यानं कप नाकापाशी नेला. कप ताटात परत ठेवला, उठून मायापाशी आला, आणि कानात — कानात बरं, कोणाले ऐकू नये असं — म्हणे, दादा, हे आंबलं हाय, मले नको देऊ.

आणि मी काय म्हणावं? सगळ्या मंडळीसमोर, पास्टरसमोर, मोठ्यानं — ज्याच्या नाकातून मव्हा गेला नाई त्याले सगळ्यातच मव्हा दिसते! हासले लोक. मी बी हासलो. त्यानं चपला घातल्या, गेला. गावात म्हणाले लागले, पाहा, आता प्याले लागन परत. नाई पेला. एक थेंब नाई. घरीच प्रार्थना करते, कुंपणावरून ऐकू येते मले.

दुसऱ्या दिवशी उरलेला रस मी चाखून पाह्यला. कान गरम झाले माये. पपईच्या बुडाशी ओतला तं मुंग्या वाकड्या चालून राह्यल्या. म्हंजे मले माहीत हाय, दोन वर्सांपासून माहीत हाय, आणि कोणाले — रुखमालेही नाई — तुमालेच काऊन सांगून राह्यलो मी? दोन घंटे लवकर आले तुमी म्हून. लवकर येणाऱ्या माणसाचा काई भरोसा नाई.

दुसरा कप? दुसरा कोणाचा, माया. तुमच्या आधीचे ते पास्टर म्हणे ना, कप घ्याच्या आधी आपापलं मन तपासा — त्या मिनिटाले मले नेमकं बाहेर काम निघते. कुत्रं चपला नेते, कंदील पाहाचा राहते. दोन वर्सं झाले, एकोणतीस लोकाईले वाढतो, आणि मी उपाशी. यादी लय मोठी केली तेवढ्यासाठीच. त्या यादीत सगळं हाय, एकच काम लिहिलं नाई.

तयार केलं होतं ना इसरूशी बोलणं! रोज तयार करतो. नांगरामागं म्हणतो, पाणी भरताना म्हणतो, चांगलं सजवून म्हणतो. कुंपणापाशी गेलो का त्याच्या वांग्याच्या झाडाची चौकशी करून परत येतो.

तुमी असे काऊन पाहून राह्यले? ठीक हाय. साहेब, तो रस ढवळा जरा, बुडाले लागन. चमचा तिथीच हाय. आणि ते उदाहरण नका देऊ आज मायं. घंटा मी म्हणीन तवाच वाजवा. चपला? राहू द्या चपला. हापशीवर बाया हाय, मले माहीत हाय, सुकलूबाबा बी बसला हाय तिथी — असू द्या. तो कानात बोल्ला होता, मी मोठ्यानं बोल्लो होतो. आता कानात सांगून कसं होईन? तुमी इकडं नका पाहू. तोंड तिकडं करा.

इसरू! अगा इसरू — टोपली ठेव खाली. आंबलं होतं गा ते! आंबलं होतं!