नातीचे उपास माझ्या गळ्यात

ऊन बघताय न्हवं हे? आश्विन सरत आला तरी पत्रा तडतडतोय, वाऱ्याचा पत्ता न्हाय, गल्लीत कुत्रंसुद्धा फिरंना... आणि असल्या उन्हात मी सकाळपास्नं उपाशी! का? तर नातीपायी! पण तुमाला सांगतो, नात कुणाची? माझी!

शुभदा. दहावीला हाय. तिला मार्क पडू देत म्हणून आमच्या मुक्ताबाईनं, म्हंजे तिच्या आजीनं, सिद्धेश्वराला नवस केला. नवस आजीचा आणि उपास कुणी धरायचे? नातीनं! सोमवार झाला, गुरुवार झाला, वर चतुर्थी... चहा आणि मूठभर साबुदाणा. रात्री मोबाईलवर अभ्यास, पहाटे क्लास, मग पोरीनं झोपायचं कधी? पाळी बिघडली की हो तिची! महिना महिना येईना, आली की थांबंना, आणि दोन महिन्यांमागं शाळेच्या मैदानात चक्कर येऊन पडली. तशीच दवाखान्यात नेली मी तिला!

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, गोळ्या दिल्या, म्हणाल्या, "आजोबा, वाढत्या वयात पोटाला अन्न नाही, डोळ्याला झोप नाही, मग पाळी वेळेवर कशी येईल?" मी आपला खाली मान घालून... आमच्या काळात 'कावळा शिवला' म्हणायचे, ते बी कुजबुजत! आणि ही पोरगी घरी येऊन आजीसमोर खणखणीत, "आजी, माझी पाळी बिघडलीय. मला जेवायचंय आणि झोपायचंय." नात कुणाची?

आजी कडाडली, "देवाचा नवस मोडतीस व्हय गं?" पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी. मग म्हटलं, "मोडायचा कशाला? घरातल्या कुणी बी धरला म्हंजे झालं की. मी धरतो!"

आता गंमत बघा. ती समोर बसून भाकरी, मेथीची भाजी, हुलग्याची आमटी, वर शेंगाचटणी हाणती, आणि मी साबुदाण्याचा एकेक दाणा चघळतो. पोरीला झोप पायजे म्हणून टीव्ही लवकर बंद, आजीची मालिका बुडाली, तो राग बी माझ्यावरच! पण तोंडावर तकाकी आलीय पोरीच्या. पाळी बी... व्हय, मोठ्यानं म्हणतो आता, पाळी बी रुळावर येतीया! नात कुणाची? माझी!

हेच मघाशी कट्ट्यावर छाती फुगवून सांगत होतो. शेजारचा महादेवप्पा सगळं शांतपणे ऐकत होता. मला वाटलं, आता शाबासकी देणार. तर खांद्यावर हात ठेवून म्हणतो कसा, "आबा, तुमचं पोट सरावलंच हाय, तर आमच्या पोरीचे मंगळवार बी घ्या की ओ!"